परकीय भाषांचे उच्च शिक्षण : प्रमाणपत्राकडून प्रावीण्याकडे

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत सामंजस्य करार केला. त्याआधी, जानेवारी २०२१ मध्ये, भारत आणि जपान यांच्यात ‘विनिर्दिष्ट कुशल कामगार’ व्यवस्थेसंबंधी करार झाला होता आणि डिसेंबर २०२२ मध्ये जर्मनीशी स्थलांतर व गतिशीलता भागीदारीचा करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर भारतीय कुशल कामगारांना द्यावयाच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत वाढविण्याची तयारी जर्मनीने जाहीर केली. वृद्ध होत चाललेल्या लोकसंख्येचे देश आणि तरुण लोकसंख्येचा भारत यांच्यातील हा व्यवहार उभयपक्षी लाभाचा आहे, याबद्दल फारसे दुमत नाही.

मात्र या व्यवहाराच्या दारावर एक पहारेकरी उभा आहे आणि तो म्हणजे भाषा. जपानच्या विनिर्दिष्ट कुशल कामगार व्यवस्थेत प्रवेश मिळविण्यासाठी उमेदवाराला कौशल्य चाचणीबरोबरच जपानी भाषेची एन-४ पातळीची किंवा तिच्याशी समकक्ष परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. शुश्रूषा क्षेत्रासाठी त्याशिवाय भाषेची स्वतंत्र चाचणी असते. जर्मनीत परिचारिकेच्या पदवीला मान्यता मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे बी-२ पातळीचे जर्मन आवश्यक असते, तर डॉक्टरांना वैद्यकीय व्यवसायाच्या भाषेची याहून वरच्या पातळीची परीक्षा द्यावी लागते. रुग्णाच्या वेदनेचे वर्णन समजले नाही, तर सर्वोत्तम शुश्रूषा-प्रशिक्षणही निरुपयोगी ठरते. त्यामुळे ही अट कोणत्याही वाटाघाटीत शिथिल होण्याजोगी नाही. प्रश्न असा आहे की, ही अट पूर्ण करू शकणारे तरुण घडविण्यासाठी भारतातील विद्यापीठे आज सज्ज आहेत काय?

तासांचे गणित

भाषा शिकण्यास किती वेळ लागतो, याचा सर्वाधिक पद्धतशीर अनुभव अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेकडे आहे. आपल्या अधिकाऱ्यांना कामकाजापुरते प्रावीण्य येण्यासाठी लागणाऱ्या वर्गतासांनुसार या संस्थेने भाषांची वर्गवारी केली आहे. इंग्रजी भाषकाला फ्रेंच किंवा स्पॅनिश या भाषांसाठी सुमारे ६०० ते ७५० तास लागतात. रशियन, फार्सी, ब्रह्मी आणि आपली हिंदी यांसाठी सुमारे १,१०० तास लागतात. तर चिनी, जपानी, कोरियन आणि अरबी या भाषांसाठी सुमारे २,२०० तास. हे आकडे इंग्रजी भाषकांसाठी आहेत, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावयास हवी. मराठी, हिंदी किंवा तमिळ बोलणाऱ्याला जपानीची वाक्यरचना तितकी परकी वाटत नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि आपल्या शब्दयोगी अव्ययांप्रमाणे संबंधदर्शक शब्द नामानंतर येतात. पुण्यासारख्या शहरात जपानी भाषा रुजली, त्यामागे उद्योगधंद्यांबरोबरच हीही एक सोय असावी. परंतु नित्य वापरातील २,१३६ चिनी चित्रलिपी-चिन्हे वाचण्यासाठी जे तास खर्च करावे लागतात, त्यांना व्याकरणाचे साधर्म्य पर्याय होऊ शकत नाही.

आता या आकड्यांशेजारी विद्यापीठातील अभ्यासक्रम ठेवून पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पदवी अभ्यासक्रम आराखड्यानुसार व्याख्यानाच्या एका श्रेयांकासाठी सत्रात १५ तासांचे अध्यापन अपेक्षित आहे. म्हणजे चार श्रेयांकांची परकीय भाषेची ऐच्छिक विषयपत्रिका घेणाऱ्या विद्यार्थ्याला ६० तास मिळतात. एखाद्या विद्यार्थ्याने चार वर्षांच्या पदवीत परकीय भाषा हा गौण विषय म्हणून पूर्णपणे स्वीकारला, तरी त्या विषयासाठीचे ३२ श्रेयांक म्हणजे ४८० तासच होतात. जर्मनच्या बी-२ पातळीसाठी सर्वसाधारणपणे पंचेचाळीस मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. तेव्हा चार वर्षे निष्ठेने शिकूनही असा विद्यार्थी परिचारिकेला लागणाऱ्या पातळीच्या उंबरठ्यावर कसाबसा पोहोचतो. जपानी किंवा चिनी घेतली असेल, तर उंबरठाही दूर राहतो.

भारतातील परकीय भाषा शिक्षणाचा मूळ दोष येथे आहे. विद्यार्थ्यांची संख्या कमी आहे, असे म्हणता येत नाही. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत चालणाऱ्या विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागापासून दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरूपर्यंत प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रमांना गर्दी असते. पण हा पिरॅमिड पायाशी विलक्षण रुंद असून माथ्याशी जवळजवळ रिकामा आहे. पहिल्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यांपैकी अगदी थोडे तिसऱ्या वर्षापर्यंत टिकतात. शिक्षणातील गुंतवणुकीचा परतावा सामान्यतः प्रत्येक वर्षागणिक थोडा थोडा वाढत जातो. भाषेचे मात्र तसे नाही. एका विशिष्ट पातळीच्या खाली असलेल्या भाषाज्ञानाला श्रमबाजारात जवळजवळ काहीच किंमत नसते आणि ती पातळी ओलांडताच किंमत एकदम वाढते. त्यामुळे मध्येच शिक्षण सोडणाऱ्या विद्यार्थ्याचा वेळ आणि शुल्क, तसेच त्यासाठी खर्च झालेला सार्वजनिक पैसा हा अर्थशास्त्राच्या परिभाषेत बुडीत खर्च ठरतो. नदीच्या मध्यापर्यंत बांधलेल्या पुलासारखी ही गुंतवणूक असते.

रशियन भाषेचा धडा

स्वातंत्र्यानंतर परकीय भाषांबाबत राष्ट्रीय गरज म्हणून विचार झाला नाही, असे नाही. संरक्षण मंत्रालयाची परकीय भाषा शाळा १९४८ पासून सेनादलांच्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवीत आहे. भारतीय परराष्ट्र सेवेत निवड झालेल्या प्रत्येक परिविक्षाधीन अधिकाऱ्याला एक परकीय भाषा नेमून दिली जाते आणि ती ज्या देशात बोलली जाते तेथे राहून त्याला तिची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. (याच लोकसेवा परीक्षेच्या वैकल्पिक विषयांमधून मात्र फ्रेंच, जर्मन, रशियन, चिनी यांसारख्या परकीय भाषांचे साहित्य २०१३ पासून वगळण्यात आले, हे येथे नोंदविण्यासारखे आहे.) विद्यापीठीय पातळीवरचा सर्वांत मोठा प्रयत्न रशियनबाबत झाला. १९५५ च्या करारानुसार भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेला युनेस्कोमार्फत सोव्हिएत यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ मिळाले. यंत्रांची माहितीपत्रके रशियनमध्ये होती, अभियंते रशियन बोलत होते. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने इंग्रजीखेरीज अन्य ‘ग्रंथालयीन भाषा’ शिकविण्याची शिफारस करताना रशियनवर विशेष भर दिला. १९६५ मध्ये दिल्लीत रशियन अध्ययन संस्था सुरू झाली व पुढे ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली.

त्यानंतर जे घडले ते शेतमालाच्या बाजाराचा अभ्यास करणाऱ्याला ओळखीचे वाटेल. कांद्याला या वर्षी भाव मिळाला की पुढील हंगामात सारेच कांदा लावतात, आणि तो बाजारात येईपर्यंत भाव कोसळलेला असतो. अर्थशास्त्रात यास कॉबवेब अर्थात कोळीजाळे सिद्धान्त म्हणतात. भाषेच्या बाबतीत पेरणी आणि कापणी यांत एका हंगामाचे नव्हे, तर पाच ते सात वर्षांचे अंतर असते. १९८० च्या दशकात रशियन शिकू लागलेली पिढी पदवी घेऊन बाहेर पडली, तेव्हा १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचेच विघटन झाले होते. मागणी आटली, वर्ग ओस पडले, निवृत्त प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहिल्या. पुढे चित्र पुन्हा पालटले. भारत-रशिया व्यापार २०२१-२२ मध्ये सुमारे १३ अब्ज डॉलर होता, तो खनिज तेलाच्या आयातीमुळे २०२४-२५ मध्ये ६८.७ अब्ज डॉलरवर गेला. रशियन जाणणाऱ्यांची गरज परत आली; पण मोडून पडलेला विभाग तीन-चार वर्षांत पुन्हा उभा करता येत नाही.

चिनी भाषेची कथा याहून अधिक बोचणारी आहे. शांतिनिकेतनात ‘चीन भवन’ १९३७ मध्येच स्थापन झाले होते. असे असूनही १९६२ च्या युद्धाच्या वेळी चिनी समाज आणि राज्यव्यवस्था मूळ स्रोतांतून वाचू शकणाऱ्यांची वानवा जाणवली, आणि त्यानंतर १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात चिनी अध्ययनाची वेगळी व्यवस्था झाली. २०२० मध्ये गलवान खोऱ्यातील संघर्षानंतर चीनच्या साहाय्याने काही विद्यापीठांत चालणाऱ्या कन्फ्युशियस संस्थांचा फेरआढावा घेण्याचे केंद्र सरकारने ठरविले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकविता येण्याजोग्या परकीय भाषांची उदाहरणे म्हणून कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन ही नावे आली. चिनीचे नाव त्यात नाही. परकीय सरकारच्या पैशावर आणि परकीय सरकारच्या नियंत्रणाखाली भाषा शिकविली जाऊ नये, ही भूमिका समजण्यासारखी आहे. तथापि, २०२४-२५ मध्ये चीनशी भारताची व्यापारतूट सुमारे ९९ अब्ज डॉलर होती. भारतीय कारखान्यांत बसविलेली कितीतरी यंत्रे तेथून येतात आणि २०२० नंतर चिनी तंत्रज्ञांच्या व्हिसांवर मर्यादा आल्यानंतर ती यंत्रे चालू करणे कठीण झाल्याची तक्रार उद्योगांनी वारंवार केली. ज्या देशाशी स्पर्धा आहे, त्याची भाषा कमी नव्हे, तर अधिक जाणकारांना यावयास हवी.

बाजारपेठ कोठे अपुरी पडते?

परकीय भाषा शिकविण्याचे काम खासगी शिकवण्या आणि त्या-त्या देशांच्या सांस्कृतिक संस्था करीतच आहेत. मग सरकारने व विद्यापीठांनी त्यात का पडावे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नव्हे. जर्मन किंवा फ्रेंच शिकणाऱ्याला मिळणारा लाभ मुख्यतः त्याच्या स्वतःच्या पदरात पडतो. तो शुल्क भरण्यास तयार असतो आणि बाजारपेठ त्याची गरज बऱ्याच अंशी भागवते. अर्थात, हे शहरातील आणि ऐपत असलेल्या विद्यार्थ्यापुरते खरे आहे. गडचिरोली किंवा कोरापुट येथील परिचर्या महाविद्यालयातील विद्यार्थिनीला ही शिकवणी गाठायची, तर घर सोडून मोठ्या शहरात वर्षभर राहावे लागते, कमाई थांबवावी लागते आणि बहुधा कर्जही काढावे लागते. बी-२ परीक्षेत अपयश आले, तर कर्ज उरते आणि व्हिसा मिळत नाही. या करारांतून मिळणाऱ्या संधींचे वाटप कसे होणार, हे बऱ्याच अंशी भाषाशिक्षणाची जोखीम कोण उचलतो यावर ठरेल.

बाजारपेठेचे दुसरे अपयश अधिक खोल आहे. ज्या भाषांमुळे शिकणाऱ्यापेक्षा देशाचा लाभ अधिक होतो, त्या भाषा बाजारात मुळी विकल्याच जात नाहीत. कलादान प्रकल्पांतर्गत म्यानमारमधील सित्वे बंदर मे २०२३ मध्ये कार्यान्वित झाले. इराणमधील चाबहार बंदराबाबत मे २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. म्यानमार, श्रीलंका, भूतान, अफगाणिस्तान, इंडोनेशिया हे भारताच्या शेजारच्या किंवा सागरी सान्निध्यातील देश आहेत. तरीही ब्रह्मी, सिंहली, झोंगखा, पश्तू किंवा इंडोनेशियाची भाषा पदवी पातळीवर शिकण्याची सोय संपूर्ण देशात मोजक्याच ठिकाणी सापडते. ब्रह्मी शिकणाऱ्या तरुणाला बंगळुरूत नोकरी मिळणार नाही, म्हणून तो ती शिकत नाही. मात्र सीमेपलीकडे वाटाघाटी, व्यापार किंवा आपत्तीचा प्रसंग आला, तर त्याच्या अभावाची किंमत साऱ्या देशाला मोजावी लागते. दीपगृहाप्रमाणे हे सार्वजनिक हिताचे साधन आहे. त्याचा खर्च सरकारनेच उचलावयास हवा, मग वर्गात केवळ सहा विद्यार्थी असले तरी. पटसंख्येच्या निकषावर असे विभाग बंद करणे म्हणजे जहाजे कमी दिसतात म्हणून दीपगृह विझवण्यासारखे आहे.

इंग्रजी येत असल्याने अन्य भाषांची गरज नाही, हा समजही येथे तपासून पाहण्याजोगा आहे. भारताच्या सॉफ्टवेअर सेवांच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा अमेरिका आणि कॅनडाचा आहे. जपान ही माहिती तंत्रज्ञानाची जगातील एक मोठी बाजारपेठ असूनही तेथील भारताचा वाटा अल्प राहिला, त्यात भाषेचा अडसर हे एक प्रमुख कारण मानले जाते. इंग्रजीने जी दारे उघडली तेथेच निर्यात एकवटली, आणि अमेरिकेच्या व्हिसा वा आयातशुल्क धोरणात बदल झाला की त्याचे हादरे थेट पुणे-हैदराबादपर्यंत बसू लागले. निर्यातीचे विविधीकरण हे परकीय भाषाशिक्षणाचे एक आर्थिक उद्दिष्ट म्हणता येईल.

अमेरिकेचा अनुभव

ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. त्याच्या सहाव्या प्रकरणाने विद्यापीठांतील भाषा आणि प्रदेश-अध्ययन केंद्रांना केंद्रीय निधी, तर विद्यार्थ्यांना पाठ्यवृत्त्या दिल्या. ज्या भाषांना बाजारात मागणी नव्हती, त्यांनाच प्राधान्य होते. शिकागो आणि पेनसिल्व्हानिया या विद्यापीठांत मराठी शिकविली जाऊ लागली, ती दक्षिण आशियाच्या अध्ययनाला मिळालेल्या याच बळामुळे. मराठी भाषकांना याचे कौतुक वाटते. पण त्यामागे दूरच्या देशातील एका प्रादेशिक भाषेचे जाणकार आपल्याकडे असावेत, हा अमेरिकेचा स्वहिताचा हिशेब होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. या व्यवस्थेतही सातत्य राहिले नाही. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अरबी जाणणाऱ्या भाषांतरकारांचा तुटवडा उघड झाला. २००६ मध्ये अरबी, चिनी, फार्सी, रशियन, हिंदी आदी भाषांसाठी नवा राष्ट्रीय उपक्रम सुरू करावा लागला. २०२५ मध्ये पुन्हा याच अनुदानांना कात्री लागली. चीनचा मार्ग वेगळा आहे. परकीय भाषाशिक्षणाची सप्तवार्षिक योजना त्या देशाने १९६४ मध्येच आखली होती. पेकिंग विद्यापीठातील हिंदी अध्यापनाला काही दशकांची परंपरा आहे आणि बीजिंग परकीय अध्ययन विद्यापीठात आज शंभरहून अधिक भाषा शिकविल्या जातात.

श्रेयांकांची फेरमांडणी

भारतासाठी याचा अर्थ सर्व विद्यापीठांत सर्व भाषा असा होत नाही. तेवढे शिक्षकही नाहीत आणि निधीही नाही. उपलब्ध नियमांच्या चौकटीतच बरेच काही करता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी किमान ३० तास धरले आहेत. भाषा हा व्याख्यान ऐकण्याचा विषय नाही. ती बोलण्या-ऐकण्याच्या सरावाने येते. प्रयोगशाळेत रसायन शिकणाऱ्याला जे तास दिले जातात, ते भाषा शिकणाऱ्याला नाकारण्याचे शैक्षणिक कारण दिसत नाही. गौण विषयाचे ३२ श्रेयांक प्रात्यक्षिक म्हणून धरले, तर ४८० तासांचे ९६० तास होतात. जर्मन वा फ्रेंचमध्ये बी-२ गाठण्यास ते पुरेसे आहेत. जपानीतही व्यवसायापुरती भाषा आवाक्यात येऊ लागते. यासाठी नवा कायदा लागत नाही. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी आणि विद्यापरिषदांनी निर्णय घ्यावा लागतो, आणि वाढीव अध्यापनभाराची तरतूद करावी लागते. दुसरी बाब ही तितकीच महत्त्वाची : एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास २०२२ मध्ये मुभा मिळाल्याने अभियांत्रिकी किंवा परिचर्या शिकताना भाषेची पदवी घेणे आता नियमांच्या विरोधात जात नाही.

अभ्यासक्रमाचा आशय हा यापुढचा, अधिक वादग्रस्त प्रश्न. परकीय भाषांचे बहुतेक विभाग साहित्याच्या परंपरेत वाढले. पदव्युत्तर पातळीवर कविता, नाटक आणि समीक्षा यांना जेवढे स्थान आहे, तेवढे करारपत्रे, तांत्रिक मानके किंवा न्यायालयीन निर्णय यांना नाही. फार्सी आणि अरबी विभागांत तर अनेकदा शतकांपूर्वीचे ग्रंथ अभ्यासले जातात. तेहरान किंवा दुबईतील आजचे वृत्तपत्र फारसे वाचले जात नाही. आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात, ही वस्तुस्थिती अरबीच्या अभ्यासक्रमात उमटावयास हवी. परंतु याचा प्रतिध्वनी म्हणून साहित्य आणि इतिहास पूर्णपणे हद्दपार करण्याची जी मागणी होते, ती अदूरदर्शी आहे. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पु. वि. बापट यांनी १९३७ मध्ये ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी पहिला ग्रंथ मुख्यतः चिनी अनुवादाच्या रूपानेच टिकून आहे; चिनी आल्याशिवाय हे काम अशक्य होते. गोव्याच्या पुराभिलेखागाराचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज दप्तरांतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने बाहेर आणली. गोव्यात पोर्तुगीज काळातील १८६७ ची नागरी संहिता कौटुंबिक बाबींत आजही लागू असून जुने जमिनीचे दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये आहेत, त्यामुळे तेथे त्या भाषेची जाण हा वारसाहक्काचाही प्रश्न ठरतो. भाषेची राष्ट्रीय गरज म्हणजे केवळ निर्यातीची गरज नव्हे.

भाषांचे वाटप प्रदेशांनुसार करणे हाही एक मार्ग आहे. इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ, ज्याला २००७ मध्ये केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्याचे हैदराबादखेरीज लखनौ आणि शिलाँग येथेही परिसर आहेत. ईशान्य भारतात ब्रह्मी आणि थाई, गोव्यात पोर्तुगीज, केरळात अरबी आणि जर्मन, पुण्यात जपानी आणि जर्मन, तामिळनाडूत सिंहली असे विशेष केंद्रांचे जाळे तयार झाले, तर प्रत्येक भाषेचा माथा कोठेतरी तरी उंच होईल. मात्र त्यासाठी निर्णयांत स्थैर्य हवे. केंद्रीय विद्यालयांत २०११ पासून तिसरी भाषा म्हणून शिकविली जाणारी जर्मन २०१४ मध्ये शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर बदलण्यात आली, तेव्हा सुमारे ७० हजार विद्यार्थ्यांवर परिणाम झाला. त्या निर्णयाची बाजू काहीही असो, शाळेत चार वर्षे भाषा शिकलेला विद्यार्थी विद्यापीठात पुन्हा वर्णमालेपासून सुरुवात करतो, ही साखळी मात्र त्यामुळे अधिकच तुटली.

यंत्र-अनुवाद आणि शिक्षक

यंत्रे भाषांतर करू लागल्यावर भाषा कशाला शिकावयाची, हा प्रश्न आता परीक्षेतील निबंधापुरता राहिलेला नाही. भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा मंच सुरू केला; कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित अनुवाद झपाट्याने सुधारत आहे. साध्या पत्रव्यवहारासाठी अनुवादकाची गरज घटेल, हे मान्य करावयास हवे. त्याचा फटका बसेल तो अर्धवट भाषा येणाऱ्यांना, म्हणजे विद्यापीठे आज ज्यांची सर्वाधिक निर्मिती करतात त्यांना. यंत्राने केलेल्या करारनाम्याच्या अनुवादातील चूक ओळखणारा आणि तिची जबाबदारी घेणारा माणूस महाग होत जाईल. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचे म्हणणे ऐकणारी परिचारिकाही. तंत्रज्ञानाने भाषेच्या मागणीचा तळ कापला आहे, माथा नव्हे.

माथ्यापर्यंत विद्यार्थ्यांना नेणारे शिक्षक मात्र दुर्मीळ आहेत, आणि त्याचे कारण निव्वळ आर्थिक आहे. जपानीत एन-१ किंवा एन-२ पातळी गाठलेल्या पदवीधराला खासगी कंपनीत मिळणारे वेतन हे तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या शिक्षकाच्या मानधनाच्या कित्येक पट असते. सहायक प्राध्यापकपदाची अर्हता पदव्युत्तर पदवी आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षा यांच्याशी बांधलेली असल्याने टोकियोत दहा वर्षे दुभाषी म्हणून काम केलेली व्यक्ती नियमित पदासाठी अपात्र ठरू शकते. उद्योगक्षेत्रातील अनुभवी व्यक्तींना ‘व्यवसायनिष्ठ प्राध्यापक’ म्हणून नेमण्याची तरतूद आयोगाने २०२२ मध्ये केली आहे. ती भाषा विभागांनी वापरल्यास निवृत्त दुभाषी, परराष्ट्र सेवेतील माजी अधिकारी आणि सेनादलांतील भाषातज्ज्ञ यांना वर्गात आणता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुवाद व दुभाषी-कार्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापन करण्याचा संकल्प सोडला आहे. त्या संस्थेने आरंभीची काही वर्षे विद्यार्थ्यांऐवजी केवळ शिक्षकच घडविले आणि ब्रह्मी, सिंहली, पश्तू या भाषांसाठी प्रत्येकी पाच-सहा जणांना पूर्ण पाठ्यवृत्ती देऊन दोन वर्षे त्या-त्या भाषकांमध्ये राहण्यास पाठविले, तरी त्याचा खर्च एखाद्या मध्यम आकाराच्या उड्डाणपुलाच्या तुलनेत नगण्य असेल.